आटे पाडलेली नळी आणि योग्य स्लग: इलिनॉयमधल्या एका बारा बोरचं प्रकरण

पिओरियाजवळ राहणाऱ्या माझ्या मेहुण्याने एक वापरलेली बारा बोरची पंप बंदूक घेतली. नळी 24 इंची, आतून आटे पाडलेली (आटे म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या नागमोडी फिरत्या खाचा), वर दुर्बीण बसवलेली. हरणाचा हंगाम जवळ आला तसा त्याचा फोन आला, "दाजी, पन्नास यार्डांवरसुद्धा गोळ्या एका जागी बसत नाहीत. एक डावीकडे, दुसरी खाली, तिसरी कुठे गेली तेच कळत नाही. नळीच बाद झाली असणार. विकून टाकू का?"

नळी बाद झालेली नव्हती. पण ते सिद्ध करायला बरंच काम पडलं, आणि त्या कामात आटेदार नळीला काडतूस कसं निवडायचं याचा जवळजवळ सगळा अभ्यासक्रम आला. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत स्थिरावलेले आपले काही लोक आता शिकारीकडे वळतात, आणि त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या घरात ही विद्या वाडवडिलांकडून आलेली असते. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच मिटला. त्यामुळे इथे आल्यावर दुकानातल्या माणसाने जे हातात दिलं ते घ्यायचं, असं होतं. मेहुण्याचंही तसंच झालं होतं.

स्लगच का

इलिनॉय म्हणजे सपाट जमीन, मका आणि सोयाबीन, आणि मधूनमधून विखुरलेली घरं. रायफलची गोळी दूरवर जाते, म्हणून हरणासाठी इथे रायफलला वर्षानुवर्षं मज्जाव होता. छर्ऱ्याच्या बंदुकीतून एकच जड गोळी, म्हणजे स्लग, किंवा ठासणीची बंदूक, असे मुख्य पर्याय. 2023 पासून सरळ भिंतीच्या काडतुसाची, म्हणजे ज्याचं कवच तोंडाशी आवळलेलं नसतं अशा काडतुसाची, एकबारी रायफल चालते, आणि बरेच जण तिकडे वळले आहेत. बंदुकीचे नियम मात्र तेच राहिले: 20 बोरपेक्षा लहान नको, 10 पेक्षा मोठी नको (बोरचा आकडा जितका लहान, तितकी नळी रुंद), आणि एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. बंदुकीचा मुख्य हंगामही जेमतेम सात दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या आधीचे शुक्रवार ते रविवार, आणि पुढे पुन्हा एकदा गुरुवार ते रविवार.

(सपाट प्रदेशात स्लग नेहमीच रायफलपेक्षा सुरक्षित, हा समज तितकासा खरा नाही. 2007 साली पेनसिल्वेनियात यावर अभ्यास झाला. स्लग जमिनीवर आपटून उसळला की तो धोका रायफलपेक्षा कमी नसतो, असं त्यात निघालं. मचाणावर बसून खालच्या दिशेला मारणं म्हणूनच चांगलं.)

मेहुण्याची गरज मी आधी विचारून घेतली. त्याचं मचाण मक्याच्या शेताच्या कडेला ओकच्या झाडावर आहे. समोर ओढ्यापर्यंत जास्तीत जास्त 100 यार्ड दिसतं, म्हणजे 91 मीटर. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून जी जागा होते, ती साधारण आठ इंच व्यासाची धरतात. आठ इंचांत गोळी बसली म्हणजे झालं, असं मात्र मी मानत नाही. झाडावर थंडीत कुडकुडत बसलेल्या माणसाचा नेम टेबलावरच्या नेमापेक्षा कितीतरी ढिला असतो. टेबलावर, वाळूच्या पिशव्यांवर बंदूक टेकवून 100 यार्डांवर तीन इंचांच्या आसपास गट (लागोपाठच्या गोळ्यांच्या छिद्रांचा पसारा) बसला, तरच त्या अंतरावर जनावरावर चाप ओढायचा. सहा इंच बसत असेल तर अंतर निम्मं करायचं. जखमी होऊन रात्रभर ओढ्याच्या झाडीत तडफडणारं हरीण, हा या सगळ्या खटाटोपामागचा खरा मुद्दा आहे.

डब्यात काय होतं

त्याच्या घरी गेल्यावर सगळ्यात आधी काडतुसांचा डबा मागितला. एक औंसाचे, शिशाचे, फॉस्टर पद्धतीचे स्लग. डब्यावर ठळक अक्षरांत "रायफल्ड स्लग" लिहिलेलं. आटेदार नळीला आटेदार स्लग, असा त्याने सरळ हिशेब केला होता, आणि दुकानदारानेही मान डोलावली होती.

इथे बहुतेक नवखे फसतात. कार्ल फॉस्टर यांनी 1931 साली हा स्लग बनवला तो गुळगुळीत नळीसाठी. पुढून जड, मागून पोकळ, त्यामुळे बॅडमिंटनच्या फुलासारखा तो तोंड पुढे ठेवूनच जातो. त्याला गिरकीची गरज नसते. अंगावरच्या तिरप्या रेघा तो चोकमधून, म्हणजे नळीच्या तोंडाच्या अरुंद भागातून, दबून जावा म्हणून उपयोगी पडतात, त्यांनी म्हणण्यासारखी गिरकी मिळत नाही. त्याही आधी, 1898 मध्ये, जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेके यांनी स्लगच्या बुडाला वॅड, म्हणजे दारू आणि गोळी यांच्यामधला बोळा, जोडून हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला होता. गुळगुळीत नळीत दोन्ही उत्तम चालतात.

आटेदार नळीत मऊ शिशाचा फॉस्टर स्लग थेट आट्यांना घासत जातो आणि शिसं तिथेच सोडतो. पहिली एखादी गोळी बरी बसते. मग आटे शिशाने भरत जातात आणि पुढच्या गोळ्या कुठेही जातात. "एक डावीकडे, दुसरी खाली" याचा उलगडा इथेच झाला होता, पण नुसत्या अंदाजावर थांबायचं नव्हतं.

बंदूक रिकामी असल्याची दोघांनीही खात्री केली, नळी उतरवली आणि एका टोकाला टॉर्च धरून दुसऱ्या टोकाने आत पाहिलं. निरोगी नळीत आट्यांच्या कडा धारदार, गोल फिरत गेलेल्या दिसतात. इथे मधल्या भागात कडा बोथट होत्या आणि खाचांत करडी, मळकट चमक होती. ब्राँझचा ब्रश, शिसं सोडवणारं द्रावण, आणि वारंवार ढकललेली पांढरी चिंधी. पहिल्या काही चिंध्यांवर शिशाचे पापुद्रे चक्क खवल्यांसारखे निघाले. आधीच्या मालकानेही हेच स्लग वापरले असणार, इतकं ते साचलेलं होतं. पूर्ण संध्याकाळ गेली, पण शेवटी आटे लख्ख दिसले.

स्लगच्या आधी बंदूक तपासा

हा टप्पा लोक गाळतात आणि मग डब्यामागून डबे फुकट घालवतात. आटेदार नळीसाठीच्या पाच सॅबो काडतुसांचा (प्लास्टिकच्या खोळीत गोळी असलेल्या, पुढे त्याबद्दल येईलच) डबा वीस डॉलरच्या आसपास पडतो. ढिल्या स्क्रूमुळे गोळ्या पांगत असतील, तर जगातलं कुठलंही काडतूस त्यावर इलाज करू शकत नाही.

पंप बंदुकीत नळी कायमची बसवलेली नसते. ती रिसीव्हरमध्ये, म्हणजे चाप आणि यंत्रणा असलेल्या धातूच्या पेटीत, सरकवायची आणि मॅगझिनच्या टोकाच्या टोपीने आवळायची. त्या सांध्यात थोडी ढिलाई असतेच. दुर्बीण रिसीव्हरवर असेल तर प्रत्येक बाराला नळी आणि दुर्बीण यांचं नातं केसभर बदलतं. म्हणून चांगल्या स्लग-नळ्यांवर दुर्बिणीचा पाया नळीलाच जोडलेला असतो आणि तिथून तो मागे रिसीव्हरच्या वर येतो. मेहुण्याच्या नळीवर तो तसा होता, ही जमेची बाजू. पण त्याच पायाचे दोन स्क्रू बोटाने हलत होते. ते काढून, तेल पुसून, स्क्रू धरून ठेवणारा द्रव लावून पुन्हा आवळले. मॅगझिनची टोपी दर वेळी सारख्याच जोराने आवळायची सवय त्याला लावली, कारण तिच्या ताणानेही गोळी पडायची जागा सरकते.

दुसरी तपासणी माणसाची. बारा बोरच्या स्लगचा धक्का चांगलाच बसतो, आणि तो बसणार म्हणून खांदा आणि पापणी आधीच आक्रसतात. रेंजवर मी त्याच्या नकळत एखादं खोटं काडतूस भरून बंदूक त्याच्या हातात देत गेलो. खोट्या काडतुसावर चाप ओढला तेव्हा नळीचं तोंड स्पष्ट खाली डुचमळलं. त्याने स्वतःच ते पाहिलं. दस्त्याला जाड रबरी गादी लावली, कानात बोळे आणि वर मफ असं दुहेरी संरक्षण घेतलं, आणि दोन बारांच्या मध्ये घाई न करण्याचं ठरलं. खोट्या काडतुसावर तोंड स्थिर राहू लागलं तेव्हाच खरी निवड सुरू केली.

आट्यांचा पीळ आणि गोळीची लांबी

आटेदार नळीसाठी बनलेलं काडतूस म्हणजे सॅबो. बारीक गोळी, बहुतेक वेळा अर्ध्या इंचाच्या आसपास जाड, प्लास्टिकच्या खोळीत बसवलेली. आटे पकडतात ते या खोळीला. खोळ गोळीसकट गिरकी घेते, नळीबाहेर पडल्यावर तिच्या पाकळ्या उघडतात आणि गोळी एकटी पुढे जाते. बारा बोरच्या नळीचा व्यास 0.729 इंच, म्हणजे साडेअठरा मिलिमीटर. त्यापेक्षा बरीच बारीक आणि निमुळती गोळी हवेत वेग जास्त टिकवते.

आता पीळ, म्हणजे आटे किती लांबीत एक पूर्ण फेरा घेतात ते. मेहुण्याच्या नळीत 35 इंचांत एक फेरा आहे. मॉसबर्ग 500 च्या स्लग-नळीत तो 36 इंचांत एक असतो. सॅव्हेजची 20 बोरची 220 ही बोल्टवाली बंदूक 24 इंचांत एक फेरा देते. सेकंदाला 1900 फूट वेगाने निघालेली गोळी 35 च्या पिळात मिनिटाला सुमारे 39,000 फेरे घेते, 24 च्या पिळात 57,000. गोळी जितकी लांब, तितका तिला स्थिर ठेवायला पीळ जास्त लागतो. इथे वजन फसवं आहे, लांबी पाहायची. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची आणि जाडीची तांब्याची गोळी शिशाच्या गोळीपेक्षा सुमारे सव्वा पट लांब होते. म्हणूनच बारा बोरमध्ये शिशाच्या गोळ्या 385 ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) मिळतात, पण तांब्याच्या पुष्कळदा 300 ग्रेनच्या असतात. वजन कमी करून लांबी आटोक्यात ठेवलेली असते.

मेहुण्याला तांब्याचीच गोळी हवी होती, आणि त्याचं कारण मला पटण्यासारखं होतं. घरात दोन लहान मुलं आहेत आणि मांस ती खाणार. 2008 मध्ये नॉर्थ डकोटात दान केलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण आढळले आणि तो खिमा टाकून द्यायला सांगितलं गेलं. स्लगचा वेग रायफलपेक्षा कमी, त्यामुळे शिशाचे तुकडे कमी उडतात हे खरं. पण तांबं वापरलं की तो प्रश्नच उरत नाही.

मी त्याला एवढंच सांगितलं की तांबं आपण आधी तपासू, पण शेवटचा शब्द पुठ्ठ्याचा, म्हणजे नेमाच्या लक्ष्याचा. पुठ्ठ्याने तांबं नाकारलं तर शिसं घ्यायचं आणि जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाकायचं.

पुठ्ठ्यावर

चार उमेदवार निवडले. तांब्याची 300 ग्रेनची गोळी, तीन इंची काडतुसात. तीच गोळी, पावणेतीन इंची काडतुसात. पॉलिमरच्या टोकाची शिशाची 300 ग्रेनची, डब्यावर 2000 फूट वेग छापलेली. आणि शिशाची 385 ग्रेनची, जरा संथ. नावं मुद्दाम देत नाही. एका नळीत जे फसलं ते शेजारच्या नळीत सोनं ठरू शकतं. एकाच कारखान्यातून पाठोपाठ निघालेल्या दोन नळ्यांच्या व्यासात, आट्यांच्या खोलीत आणि तोंडाच्या कडेत बारीक फरक असतात, आणि सॅबोची खोळ त्या फरकांना फार संवेदनशील असते. कुणाच्या सांगण्यावरून काडतूस घ्यायचं झालं तर फार तर पहिला डबा कोणता घ्यायचा इतकंच त्यावरून ठरवावं.

पद्धत साधी पण कंटाळवाणी. आधी 50 यार्डांवर कागदात आणायचं, मग 100 वर. बंदूक पिशवीवर टेकवायची ती लाकडी मुठीखाली, नळी कशालाही टेकता कामा नये. प्रत्येक बारानंतर नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबायचं. जात बदलली की नळी साफ करायची, कारण एकाच्या प्लास्टिकचा लेप दुसऱ्याचा निकाल बिघडवतो, आणि साफ केल्यावरची पहिली गोळी मोजायची नाही. वारा पडलेला असताना, सकाळीच. ताशी दहा मैलांचा आडवा वारा या गोळ्यांना 100 यार्डांवर तीनेक इंच ढकलतो, आणि पिओरियाच्या उघड्या शेतात तेवढा वारा रोजचाच.

तीन इंची तांब्याने सहा इंचांपेक्षा मोठा गट दिला. एक छिद्र किंचित लांबट होतं, म्हणजे गोळी कागदातून थोडी तिरकी गेली होती. पॉलिमर टोकाची पाचेक इंचांत. 385 ग्रेनची तीन इंचांच्या आत, न कुरकुरता. आणि पावणेतीन इंची तांबं, ज्याच्याकडून मेहुण्याने आशा सोडली होती, तेही तीनच्या आसपास.

गोळी तीच, खोळ तीच, फरक फक्त काडतुसाच्या लांबीचा आणि त्यामागच्या जोराचा. मग आम्ही टेबलाच्या पुढे गवतात पडलेल्या खोळी गोळा केल्या. माझ्या मते या चाचणीतला सगळ्यात बोलका पुरावा हाच, आणि तो फुकट मिळतो. पावणेतीन इंची काडतुसांच्या खोळींवर आट्यांचे वळ स्वच्छ उमटले होते, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारख्या तिरकसपणे, आणि पाकळ्या चारी बाजूंना सारख्या उघडल्या होत्या. तीन इंचींच्या खोळींवर तेच वळ फासटलेले होते. एकीची पाकळी मुळापासून फाटली होती. जोर इतका होता की प्लास्टिक आट्यांना धरण्याऐवजी त्यांच्यावरून घसरलं. गोळीला पुरी गिरकी मिळालीच नाही, वर पाकळ्या वेडीवाकड्या उघडून जाताजाता तिला धक्का देऊन गेल्या. "मॅग्नम" (जास्त जोराचं, तीन इंची काडतूस) लिहिलेला डबा महाग असतो म्हणून तो जास्त चांगला, हा समज या खोळी हातात घेऊन पाहिल्यावर टिकत नाही.

तीन गोळ्यांच्या गटावर मात्र निकाल देऊ नये. तीन गोळ्या दैवानेही जवळजवळ पडतात. त्याच बंदुकीचा पाच गोळ्यांचा गट सरासरीने तीनच्या गटापेक्षा साधारण सव्वा पट मोठा भरतो, आणि तोच जास्त खरा. म्हणून उरलेल्या दोन उमेदवारांचे पाच-पाच गोळ्यांचे गट घेतले. 385 ग्रेनची गोळी सव्वातीन इंचांत, तांबं साडेतीनच्या जवळ. शिसं थोडं सरस. हा फरक त्याच्या अंतरासाठी नगण्य होता, आणि मुलांचा विचार नगण्य नव्हता. तांबं घेतलं.

हंगामाआधीचं उरलेलं काम

काडतूस ठरल्यावर त्याने लगेच त्याच लॉटचे डबे उचलले. लॉटचा क्रमांक डब्यावर छापलेला असतो. दारूचा घाणा किंवा खोळीचं प्लास्टिक बदललं की निकाल बदलू शकतो, म्हणून हंगामापुरता साठा एकाच लॉटचा हवा.

मग नोव्हेंबरातली एक कडाक्याची सकाळ धरली. थंडीत दारूचा वेग उतरतो आणि प्लास्टिक ताठर होतं. शिवाय शिकारीत जी गोळी कामाची, ती थंड नळीतून निघणारी पहिली. नळी मुद्दाम लख्ख साफ ठेवली नव्हती, साफसफाईनंतर एक गोळी मारून तशीच ठेवली होती. बंदूक रात्रभर गॅरेजमध्ये, गारठ्यात. पहिली गोळी उन्हाळी गटापेक्षा इंचभर खाली बसली. दुर्बीण तेवढी वर घेतली आणि नेम 100 यार्डांवर पक्का केला. 50 वर गोळी साधारण एक इंच वर बसते, 125 वर दोन इंच खाली. हे आकडे त्याने दस्त्याच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीखाली लिहून ठेवले, आणि 100 च्या पुढे चाप ओढायचा नाही हेही.

बंदूक बदलायचा विषय पुन्हा निघाला नाही. नव्या रायफलींबद्दल त्याने मला विचारलं होतं. माझं मत असं की ज्याच्याकडे काहीच नाही त्याने सरळ भिंतीच्या काडतुसाची एकबारी रायफल घ्यावी, ती नेमाला सोपी आणि धक्क्याला हलकी. पण ज्याच्याकडे आटेदार नळीची बंदूक आहे आणि 100 यार्डांचं शेत आहे, त्याने काडतुसांवर आणि सरावावर शंभर-दीडशे डॉलर घालणं केव्हाही शहाणपणाचं.

हंगामाच्या दुसऱ्या सत्रात त्याने ऐंशीएक यार्डांवर एक मादी टिपली. गोळी दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली, जनावर ओढ्याच्या अलीकडेच पडलं, आणि रात्री दहाच्या मुदतीआधी राज्याकडे नोंदही झाली. त्या लॉटची काही काडतुसं अजून कपाटात आहेत. ती संपायच्या आत नव्या लॉटचा एक डबा आणून, जुन्याच्या जोडीने त्याच पुठ्ठ्यावर मारून पाहायचं ठरलं आहे.